अक्षता पडतात तेव्हा

ताईच्या लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी करतोय. चित्रण दोन तासांचं, डिस्क ४.७ जीबीची, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच मेगाबिट वाट्याला येतात. ९.८ ची कमाल मर्यादा गाठली, तर तासाभराच्या वर काही मावत नाही. आवाज कच्चा पीसीएम ठेवला, तर दीड मेगाबिट तिथंच जातात. सनईला डॉल्बीचे १९२ किलोबिट पुरतात.

अंतरपाट धरलेला असतो तोवर चित्र नितळ. अक्षता उडाल्या की सगळीकडे दाणेच दाणे हलतात, मागच्या फ्रेमवरून पुढची बांधणं एमपेग-२ ला जमत नाही, आणि आईच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. तो चेहरा मला स्पष्ट हवाय. म्हणून दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग: पहिलीत मोजणी, दुसरीत संथ प्रसंगांतले बिट वाचवून अक्षतांना. रात्रभर चालेल, चालू दे.

तुमचं चित्रण तीन तासांचं असेल, तर ते एकाच डिस्कवर कोंबू नका. दोन डिस्क करा.