मुठीएवढा भाव

भाव सांगणे सोपे. माल विकणे कठीण. मंडईत एक लिंबू पाच रुपयांना गेले, म्हणून गाडीभर लिंबे त्याच दराने जातील असे कोणी समजत नाही. पण शेअर म्हटले की भलीभली माणसे हा हिशेब विसरतात. २१० चा आकडा दिसला की घरातल्या शेअरांना २१० ने गुणून मोकळी होतात!

माझी थोरली बहीण, अक्का, सांगलीला असते. भावजींच्या मागे एका लहानशा कंपनीचे २४०० शेअर तिच्या नावावर आले होते. गेल्या पावसाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलायचे ठरले. तारीख तीन आठवड्यांवर. मी साताऱ्याहून एस. टी. ने गेलो आणि आम्ही दोघे तिच्या दलालाच्या कचेरीत जाऊन बसलो.

पूर्वी मुंबईच्या शेअरबाजारात दलाल ओरडून सौदे करीत. १९९४-९५ पासून ते काम संगणकाकडे आले. आता पडद्यावर गिऱ्हाइकांची उतरंड दिसते. आमच्यापुढची अशी होती: २१० ला ४० शेअर, २०९ ला ६०, २०८ ला १००, २०६ ला १५० आणि २०३ ला १५०. पाच पायऱ्या मिळून अवघे ५००! 'मिळेल त्या भावाने विका' म्हटले असते, तर यंत्राने पायरीपायरीने खाली उतरत सारे विकले असते. पहिल्या ५०० ची सरासरीच २०६ वर आली असती. उरलेल्या १९०० चे काय झाले असते, ते पडद्याखालच्या अंधारालाच ठाऊक.

कोट्यवधींचे सौदे करणाऱ्यांसाठी बाजारात वेगळी खिडकी असते. आपल्यासारख्यांनी रांगेत उभे राहावे. रांगेचा नियम मात्र सरळ आहे: ज्याचा भाव चांगला तो पुढे, भाव सारखा असेल, तर जो आधी आला तो पुढे. माल थोडा झाकताही येतो, पण निदान दहावा हिस्सा उघडा ठेवावा लागतो. खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलांचा सौदा उपरण्याखाली बोटे धरून होई, त्याचीच मला आठवण झाली.

आम्ही २०७ ही खालची मर्यादा ठरवली आणि रोज थोडे थोडे विकू लागलो. एके दिवशी ५०० गेले, एके दिवशी जेमतेम ३५. वाट पाहण्यातही जोखीम होतीच. भाव कोसळला असता, तर शस्त्रक्रियेची तारीख थोडीच थांबणार होती? माझा जीव टांगणीला लागला. अक्का मात्र शांत.

"अरे, ह्यांनी दर दिवाळीला पाच-पंचवीस करून घेतलेले ते," ती म्हणाली. "एका दमात कसे जातील?"

आठव्या दिवशी शेवटचा शेअर गेला. सरासरी पडली २०८. म्हणजे चार लाख नव्याण्णव हजार दोनशे. दलाली आणि कर वजा जाऊन शेवटची रक्कम दुसऱ्या दिवशी जमा झाली.

अक्का आता सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाते. माझ्याही डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: पडद्यावरचा भाव साऱ्या पोत्याचा नसतो, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या मुठीएवढ्याच मालाचा असतो.