तारखेचे कलम

यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणे हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्याला छापील मजकुराविषयी फारसा भक्तिभाव उरत नाही. तथापि पुण्यात भरलेल्या आशय-अभियांत्रिकीच्या कार्यशाळेत पाण्याच्या पंपाची एक जाडजूड पुस्तिका आमच्या गटापुढे ठेवून तिचे कात्रीने तुकडे करावयास फर्मावण्यात आले, तेव्हा हात क्षणभर अडखळलाच. 'झाकण उघडण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित करा' ही एकच ताकीद प्रकरणाप्रकरणांतून, कोठे 'खंडित' तर कोठे 'बंद' अशा पाठभेदांसह, निघत राहिली. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ साली ओएसिस या संस्थेने प्रमाण म्हणून मंजूर केलेल्या 'डिटा' पद्धतीत अशी ताकीद एकाच ठिकाणी लिहून इतरत्र तिचा केवळ हवाला देतात, म्हणजे दुरुस्तीही एकदाच करावी लागते. हे पटावयास वेळ लागला नाही.

खरी पंचाईत झाली ती तुकड्यांना मेटाडेटा, म्हणजे त्या त्या तुकड्याविषयीची माहिती, जोडताना. १९९५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील डब्लिन येथे भरलेल्या बैठकीतून उगम पावलेल्या 'डब्लिन कोअर' या मेटाडेटाच्या प्रमाणाची १५ कलमे फळ्यावर मांडली होती. त्यांत शीर्षक, विषय, भाषा यांच्या जोडीला 'दिनांक' हे दिसावयास अगदी निरुपद्रवी कलम होते. पण दिनांक कोणता? मसुद्याचा, छपाईचा, सुधारणेचा, की सूचना अमलात येते त्या दिवसाचा? औषधनिर्मितीच्या कारखान्यात दप्तर सांभाळणाऱ्या एक बाई ठासून म्हणाल्या, "अंमल कधीपासून ते नसेल, तर आमच्याकडे तो कागद रद्दीच." छपाईच्या धंद्यातले गृहस्थ मात्र आवृत्तीची तारीख सोडीनात.

मला पेशवे दप्तरातील मोडी पत्रे आठवत होती. त्यांतील कित्येकांत लिहिणारा महिना नि दिवस टाकतो आणि साल गाळतो, कारण ज्याच्या हाती पत्र पडावयाचे त्याला ते ठाऊकच असते. पुढे तेच साल एखाद्या स्वारीच्या किंवा मृत्यूच्या ओझरत्या उल्लेखावरून हुडकीत संशोधकांना बसावे लागले.

डब्लिन कोअरवाल्यांनीही पुढे निर्मिती, प्रकाशन, सुधारणा, वैधता असे दिनांकाचे पोटभेद केलेच. आम्हीही ताकिदीस तीन तारखा लावून 'कर्ता' या कलमाकडे वळलो, आणि तेथे वाद अधिकच पेटला. कारण त्या एका वाक्यावर अभियंता, अनुवादक आणि कायदेखाते असे तिघेही हक्क सांगत होते.