फ्लॉवरबेड पुन्हा खिडकीबाहेर

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी. मुंबईच्या उपनगरांतल्या १९९०च्या दशकातल्या कुठल्याही इमारतीकडे खालून मान वर करून पाहा. खिडकीखाली भिंतीबाहेर आलेला सिमेंटचा अरुंद हौदा दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यावर ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी चढलेली असते. नकाशात त्या हौद्याचं नाव फ्लॉवरबेड. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात, धरला जात नसे. म्हणून तो जवळपास प्रत्येक फ्लॅटला मिळाला, आणि जागेची चणचण असल्यामुळे बघता बघता खोलीत सामावला गेला. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले; बाल्कनी, फ्लॉवरबेड सगळंच एफएसआयमध्ये मोजलं जाऊ लागलं. त्यामुळे ज्यांच्याकडे जुना फ्लॉवरबेड आहे, त्यांनी तो जपावा असं मला मनापासून वाटतं.

मुलुंड पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकांनी हॉलची खिडकी अशीच पुढे ढकललेली होती. घराचं काम काढलं तेव्हा सजावटकारानं भिंतीवर प्लास्टिकच्या वेलींचं पॅनेल सुचवलं. आम्ही खिडकी मागे घ्यायची ठरवली. हॉल तेवढा लहान झाला.

खरं काम होतं वॉटरप्रूफिंगचं. फ्लॉवरबेड गळला की खालच्यांच्या छताला ओल येते, आणि मग झाडांवरून शेजार तुटतो. मिस्त्रींनी जुनं प्लास्टर खरवडून विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, पाण्याला वाट म्हणून पाइप काढला आणि हौद्यात पाणी भरून ठेवून गळती तपासली. त्यानंतर तळाला खडी, तिच्यावर जाळी आणि शेवटी कोकोपीट, गांडूळखत, थोडी लाल माती. नुसती माती भरली तर पावसात भिजून तिचं वजन फार वाढतं. पश्चिमेचं ऊन असल्यानं जास्वंद, तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा लावला.

घरात असा निसर्ग आणण्याला हल्ली बायोफिलिक डिझाइन म्हणतात. माणसाला सजीवसृष्टीची मुळातच ओढ असते, असं जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४मध्ये ‘बायोफिलिया’ या पुस्तकात मांडलं. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकंही कमी लागली. मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’त दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या दिल्या, म्हणजे ऊन आणि पाऊस घरात शिरण्याआधी तिथेच अडतील. ती श्रीमंतांची इमारत खरी, पण आमच्या हौद्यातली जास्वंदही तेच करते. दुपारचं ऊन आधी तिच्या पानांवर पडतं, मग आमच्या फरशीवर.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. स्नेक प्लांट आणि मनी प्लांट हवा शुद्ध करतात, असं नर्सरीवाले सांगतात. त्याचं मूळ नासाच्या १९८९च्या प्रयोगांत आहे. ते बंद पेटीत केलेले होते. २०१९मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साध्या वायुविजनाची बरोबरी करायला चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. वरचा आकडा तर हजारापर्यंत गेला. हवेसाठी खिडकी उघडा; झाडं लावा ती डोळ्यांसाठी, पाखरांसाठी, चहात घालायच्या पातीसाठी.

पाखरं आलीच. शिंजिराच्या मादीनं ग्रिलमधून लोंबणाऱ्या वायरला घरटं विणलं: गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, कोळ्याचं जाळं, आणि दारावर पावसाळी छज्ज्यासारखी छोटीशी झालर. ती अंड्यांवर बसायची तेव्हा फक्त बाकदार चोच बाहेर दिसायची. पिल्लं उडून जाईपर्यंत ती खिडकी आम्ही पुसली नाही.

पावसाळ्यात काळजी डासांची. डेंग्यूचा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीत, मनी प्लांटच्या बाटलीतही अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून ताटल्या आम्ही काढूनच टाकल्या. बाटलीतला मनी प्लांट मातीत लावला. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा आधी पाइपची जाळी पाहतात. सुकलेली पानं तिथे अडकली की पाणी तुंबतं, त्यामुळे ती दर रविवारी साफ होते.

बेडरूमचा फ्लॉवरबेड अजून खोलीतच आहे, वर कपाट उभं आहे. मिस्त्रींना दिवाळीनंतर बोलावलंय.