दोन-ले

'बेबी ट्रेक' हे नाव ज्या कुणी ठेवलं असेल, त्याची बेबी मला एकदा पाहायची आहे.

लडाखमध्ये लिकीरपासून तेमिसगामपर्यंत तीन दिवस डोंगरातून चालायचं, रात्री वाटेतल्या गावात कुणाच्या तरी घरी उतरायचं, त्यांच्यातच जेवायचं आणि त्यांच्याच घरात झोपायचं, या प्रकाराला तिकडे बेबी ट्रेक म्हणतात. का, तर बाकीच्या ट्रेकच्या मानानं हा सोपा! आमच्या बँकेतही नवीन पोराला 'सोपं टेबल आहे' असं सांगून पासबुकं छापायला बसवतात आणि सहा महिन्यांत त्याचे केस पिकतात. तेव्हा 'सोपं' या शब्दावर मी विश्वास ठेवायला नको होता. पण ठेवला, कारण एलएफसी बुडत होती.

एलएफसी म्हणजे प्रवासभाड्याची सवलत. मुदतीत वापरली नाही तर बुडते. कॉमर्सच्या माणसाला एक वेळ स्वतः बुडालेलं चालतं, सवलत बुडालेली चालत नाही. आमच्या हिचं मत उटीला पडलं होतं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लोकांच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं. होमस्टे!" लोकांच्या घरी फुकट राहून जेवण्याची आमच्या घराण्यात जुनी परंपरा आहे, पैसे देऊन राहायचं, एवढीच यात नवी गोष्ट होती.

निघण्यापूर्वी गावी आईला फोन केला. ती संगमेश्वर तालुक्यात आमच्या जुन्या घरी एकटी असते. वय शहात्तर. "हिमालयात? देवदर्शनाला का?" तिनं विचारलं.

"नाही गं, नुसतं चालायला."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "चालायला एवढ्या लांब कशाला? एसटीच्या थांब्यापासून आपलं घर दोन किलोमीटर आहे. तेच चालला असतास."

मी घाईघाईनं 'आवाज कट होतोय' असं सांगितलं. तो होत नव्हता.

लेहला विमानातून उतरलो तेव्हाच पहिला धडा मिळाला. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तिला आयुष्यात एकदा, तेही विसाव्या वर्षी, मी धापा टाकत भेटलो होतो. लेहचा नुसता विमानतळच तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. म्हणजे बॅगा यायची वाट बघत आपण दोन कळसूबाया पायाखाली घालून उभे असतो. गावात गेलं की साडेतीन हजार मीटर. तिथल्या हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. थोडक्यात, प्रत्येक श्वासावर एक तृतीयांश टीडीएस कापूनच हवा हातात येते, आणि रिफंडची सोय नाही. दोन दिवस नुसतं पडून राहायचं, असा तिथला नियम. हिमालयात जाऊन मी एवढा एकच नियम तंतोतंत पाळला.

तिसऱ्या दिवशी लिकीरच्या गोम्प्याजवळच्या मैत्रेयाच्या भल्यामोठ्या मूर्तीला हात जोडून आम्ही चालायला लागलो. बरोबर वाटाड्या म्हणून तिथलाच एक तरुण होता. हिवाळ्यात चंदीगडला शिकायचा, उन्हाळ्यात माझ्यासारख्यांना चालवायचा. डोंगर असे की गवताची काडी नाही. पिवळे, तांबडे, करडे, जांभळे, जणू कुणी रंगांच्या दुकानातली सगळी पोती उपडी केली आहेत. आणि या उघड्याबोडक्या पसाऱ्यात मधेच एखादी दरी खाली हिरवीगार! जवाचं शेत, वाटाणा, मोहरी, पॉप्लरची झाडं आणि पांढऱ्या भिंतींची दहा-वीस घरं. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. आमच्या गावी जुलैत तेवढा एका दिवसात पडतो आणि वर 'यंदा अजून जोर नाही' असं लोक म्हणतात. इथली सगळी हिरवाई वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाटातून आणायचं आणि पाळीपाळीनं वाटून घ्यायचं. त्या पाळ्या लावणाऱ्या गड्याला 'चुरपोन' म्हणतात. टोकन न देता, काउंटर न मांडता आणि भांडण न होऊ देता हा माणूस रांग कशी चालवतो, हे आमच्या शाखाधिकाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावं.

दोन खिंडी ओलांडून दुपारी यांगथांगला पोचलो. तोवर गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले होते. गावात शिरतो तर समोर एक पिकअप गाडी उभी, मागे गॅसचे सिलिंडर.

"इथं गाडी येते?" मी वाटाड्याला विचारलं.

"हां सर, रोड है ना."

"मग आपण चार तास...?"

"आप तो चलने आए थे ना सर?" पोरगा इतक्या निर्मळपणे म्हणाला की त्याच्यावर रागावताही येईना.

ज्या घरी उतरलो तिथं सगळा संसार स्वयंपाकघरात. मधोमध मोठी चूल, भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेची लखलखीत भांडी. आमच्या हिनं ती पाहिली आणि माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात आमच्या डोंबिवलीच्या ओट्यावरच्या सगळ्या स्टीलचा उद्धार होता. गाद्यांवर मांडी घालून बसलो, पुढं बुटकी नक्षीदार टेबलं आली, आणि घरच्या बाईंनी पेल्यात चहा ओतला. मी मोठा घोट घेतला. तो चहा नव्हता. म्हणजे तिकडे तोच चहा; पण लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. त्याला 'गुरगुर चा' म्हणतात. पहिल्या घोटाला पोटातूनही तोच शब्द आला. त्याचं असं आहे की, चहा समजून प्यायलं तर तो वाईट लागतो, आणि सूप समजून प्यायलं तर बरा लागतो. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा नुसत्या नाव बदललं की गोड लागतात; आमच्या बँकेनंच मुळी कर्जवसुलीच्या फोनला 'सौजन्य संपर्क' म्हणायला सुरुवात केली आहे.

मी अर्धा पेला संपवला. बाई किटली घेऊन हजर. "दोन-ले, दोन-ले!"

"अहो, दोन तरी घ्या म्हणतायत," ही कुजबुजली. "मराठी येतं वाटतं त्यांना!"

दोन घेतले. पेला पुन्हा भरला. "दोन-ले!" मी बोटांनी खूण करून दोन झाले असं दाखवलं. बाई हसल्या, मान डोलावली आणि आणखी ओतलं. सात पेल्यांनंतर मी वाटाड्याकडे केविलवाणं पाहिलं, तेव्हा खुलासा झाला. 'दोन' म्हणजे घ्या, खा, प्या; आणि 'ले' म्हणजे आपलं 'जी'. पेला रिकामा दिसला की भरायचा, ही तिथली रीत. नको असेल तर भरलेला तसाच ठेवावा. शिवाय पाहुण्यानं दोन-तीनदा 'नको नको' म्हणायचं आणि यजमानानं ते मनावर घ्यायचं नाही, हाही तिथला शिष्टाचार. म्हणजे माझं 'नको' हे त्यांच्या हिशेबी उत्तम वागणुकीचं लक्षण ठरलं होतं.

रात्री जेवायला 'स्क्यू'. कणकेचे अंगठ्यानं दाबलेले तुकडे भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेले. "अगंबाई, या तर चकोल्या!" ही म्हणाली, आणि त्या क्षणापासून लडाख तिच्या माहेरच्या बाजूचा झाला.

तिथल्या संडासाविषयी लिहू नये असं ठरवलं होतं, पण बँकवाल्याला ते टाळणं शक्य नाही. माडीवरची खोली, जमिनीला चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. पाण्याचा थेंब नाही. कार्यभाग उरकला की वरून माती लोटायची. खाली त्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. मुदत ठेवीचं इतकं शुद्ध उदाहरण मी पाहिलेलं नाही. ही ठेव मुदत भरल्यावर पिकते, आणि शब्दशः पिकते.

दुसऱ्या दिवशीच्या चढावर, मी विश्रांतीसाठी थांबलोय हे कळू नये म्हणून वाटाड्याला प्रश्न विचारत होतो. तेव्हा त्यानं या होमस्टेची कुळकथा सांगितली. हिमबिबट्या एखाद्या रात्री गोठ्यात शिरला की एक मेंढी मारून थांबत नाही, जमेल तेवढ्या मारतो. मग गावकरी त्याच्या जिवावर उठत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिमबिबट्यासाठी काम करणाऱ्या मंडळींनी तोड काढली. गोठ्यांना वरून जाळी बसवायची, आणि घराघरांत पाहुणे उतरवून चार पैसे मिळवून द्यायचे. जनावर जिवंत राहिलं तर पाहुणे येतील, पाहुणे आले तर मेंढीचं दुःख हलकं होईल. म्हणजे मी जी चकोली खाल्ली तिला जामीनदार हिमबिबट्या होता! इतका बडा जामीनदार आमच्या शाखेच्या एकाही कर्जाला नाही. आणि आमच्या जामीनदारांसारखाच तोही कुणाला सहसा दिसत नाही.

दुसरा मुक्काम हेमिस शुकपाचन. शुकपा म्हणजे जुनिपर. गावाजवळ त्याची जुनी झाडं आहेत. ती पवित्र, त्यांचा पाला धूप म्हणून जाळतात. आम्ही उतरलो त्या घरात एक आजी होती, तिकडे 'आबी' म्हणतात. चुलीशी बसून प्रार्थनाचक्र फिरवत ती आमच्याकडे टक लावून बघत होती. मग वाटाड्यामार्फत चौकशी सुरू झाली. कुठले? काय करता? मुलगा एकच? मग म्हणाली, "तुझी आई आहे का?"

"आहे."

"कुठे असते?"

"गावी. आमच्या जुन्या घरी."

"तिच्याजवळ कोण असतं?"

"शेजारी आहेत," मी म्हणालो. "चांगले आहेत."

पोरानं भाषांतर केलं. आबीचं चक्र एक-दोन फेरे फिरलं. मग ती काहीतरी बोलली आणि पोरगा हसायला लागला. "काय म्हणते?" मी विचारलं.

"कहती है, मेरे दो बेटे लेह में हैं। गाड़ी से दो-ढाई घंटा लगता है, लेकिन उनको टाइम नहीं मिलता। और जिनको मैं जानती नहीं, वो दो-दो दिन पैदल चलके आते हैं मेरे घर में चाय पीने।"

आम्ही सगळे हसलो. आबीही हसली, दात नसलेलं, मोकळं. फक्त आमची ही हसली नाही. ती पेल्यात बघत बसली. मी मनातल्या मनात हिशेब केला. हिशेब करायचं मला वेड आहे. गेल्या गणपतीत शाखेत ऑडिट होतं, त्याआधीच्या मेमध्ये मुलाचे क्लास होते. शेवटचा गावी गेलो त्याला एक वर्ष दहा महिने झाले होते. ठाणे ते गाव, एसटीनं एक रात्र.

त्या रात्री झोप लागली नाही. 'उंचीमुळे होतं असं,' मी हिला सांगितलं. "हो, उंचीमुळेच," ती म्हणाली.

सकाळी निघताना मी पैसे मोजले. माणशी दीड हजार, तिघांचे साडेचार. सवयीनं तीनदा मोजले. आबीनं एकदाही न मोजता ते अंगरख्याच्या घडीत खोचले. वीस वर्षांच्या नोकरीत काउंटरवर असा प्रकार पाहिला नव्हता. मला अक्षरशः कसंतरी झालं. मग ती आत गेली आणि मूठभर वाळवलेले जर्दाळू घेऊन आली. चिरंजीवांनी हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारून माझ्या हातात दिले. "आपकी माँ के लिए," वाटाड्या म्हणाला. यावर 'नको नको' म्हणायची रीत मी पाळली नाही.

शेवटची खिंड ओलांडून आंग गावातून तेमिसगामला उतरलो. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ साली तिथं तह झाला होता. माझा आणि माझ्या गुडघ्यांचाही तिथंच झाला.

गणपतीला रजा टाकली. साहेब म्हणाले, "आत्ताच तर हिमालयातून आलात!" मी म्हणालो, "अर्धाच ट्रेक झाला होता, साहेब." थांब्यापासून घरापर्यंतचे दोन किलोमीटर चिखलातून चालत गेलो. आई पडवीत उभी होती. जर्दाळू दिले, कुणी दिले ते सांगितलं. तिनं एक तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "त्या म्हातारीला काय दिलंस?"

"पैसे दिले."

"ते दिलेस रे. पण दिलंस काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जेवताना चिरंजीवांनी उत्साहानं होमस्टेची सगळी कल्पना मांडली. पाच खोल्या, मागे ओढा, आजीच्या हातचं जेवण. "आजी, आपण इथंच काढूया ना होमस्टे!"

"काढलेलाच आहे की," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "पण गिऱ्हाईक एकच. तेही दोन वर्षांतनं एकदा येतं. धंदा चालायचा कसा?"

बँकेत असा प्रस्ताव आला असता तर मी तो तिथल्या तिथं परत पाठवला असता. पण तेवढ्यात तिनं तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली. आधीची अजून अर्धी शिल्लक होती. मी 'नको' म्हणालो. तिनं ते मनावर घेतलं नाही.