साहेबांचा राग आणि आम्ही

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. परभणीतल्या एका दोस्ताचा मुलगा. मालाडला तिघांत एक खोली करून राहतो, एका मराठी मालिकेत असिस्टंट डायरेक्टर आहे. आवाज बसलेला होता. म्हणाला, "चाचा, मी सोडतोय. आज साहेबांनी सगळ्या युनिटसमोर स्क्रिप्टची फाईल तोंडावर फेकली. अम्मीवरून बोलले."

मी काय म्हणालो? "अरे, पहिलं वर्ष असंच असतं. सगळ्यांनीच खाल्लंय. थोडं सहन कर."

तो "जी चाचा" म्हणाला आणि फोन ठेवला. मला मात्र झोप लागली नाही. कारण ते वाक्य माझं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी गोरेगावच्या फिल्मसिटीत एका सीनिअरनं ते मला ऐकवलं होतं. तेव्हा मला त्याचा संताप आला होता. आता तेच मी पुढच्या पोराला सरकवलं होतं.

मी मुंबईत आलो तेव्हा डोक्यात सिनेमा होता. हाताला काम लागलं ते डेली सोपचं. सकाळी सातचा कॉल, रात्री सातला पॅकअप, असं कागदावर. प्रत्यक्षात पॅकअपची वेळ साहेब ठरवायचे. माझ्याकडे कंटिन्युइटी होती. म्हणजे मागच्या शॉटमध्ये सासूच्या हातात कुठल्या रंगाच्या बांगड्या होत्या, ग्लासात पाणी किती होतं, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे सगळं लिहून ठेवायचं.

आमचे डायरेक्टर कामात तरबेज होते. हे मान्य केलं पाहिजे. सीन वाचता वाचता कॅमेरा कुठं लागणार हे त्यांना दिसायचं. मी त्यांच्याकडून खूप शिकलो. पण त्यांच्या तोंडाला लगाम नव्हता. लाइटवाले, सेटिंगवाले, हेअरड्रेसर, कुणीच सुटायचं नाही. मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. 'ए मियाँ' म्हणायचे. पहिल्या दिवशी सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसलो नसतो तर बरं झालं असतं. कारण त्यानंतर तेच माझं नाव पडलं.

लोक म्हणायचे, "मनाचा साफ माणूस आहे, फक्त रागीट आहे. टेलिकास्टचं प्रेशर असतं." प्रेशर खोटं नव्हतं. आठवड्याला सहा एपिसोड जायचे. प्रत्येक एपिसोड साधारण बावीस मिनिटांचा. चार-पाच एपिसोड शूट होऊन पडलेले असले की त्याला 'बँक आहे' म्हणतात. बँक संपली की सकाळी शूट केलेलं रात्री टीव्हीवर. एखादी नटी आजारी पडली, जनरेटर बंद पडला, पाऊस लागला, की सगळ्यांचा जीव टांगणीला.

पण एकदा मी एक गोष्ट पाहिली. साहेब एका लाइटवाल्यावर किंचाळत होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे लाल. इतक्यात फोन वाजला. चॅनेलचा होता. पुढच्याच क्षणी आवाजात लोणी! "जी मॅडम, अगदी मॅडम, होऊन जाईल मॅडम." दोन मिनिटं गोड बोलले, फोन खिशात टाकला आणि अर्धी राहिलेली शिवी पूर्ण केली.

त्या दिवशी कळलं, साहेबांना राग आवरता येत नाही हे खोटं आहे. त्यांना तो उत्तम आवरता येतो. कुणावर काढायचा आणि कुणावर नाही, हे रागाला बरोबर दिसतं.

आता माझी चूक सांगतो. नायकाच्या उजव्या हाताला पट्टी होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती डाव्या हाताला बांधली गेली. टेक सुरू व्हायच्या आधीच ते माझ्या लक्षात आलं होतं. दोन शब्द बोलायचे होते, "सर, पट्टी." पण आदल्या दिवशी मध्ये बोललो म्हणून साहेबांनी मला दहा मिनिटं सोललं होतं. मी गप्प बसलो. तीन शॉट झाले. चौथ्याला कुणाला तरी मॉनिटरवर दिसलं. सगळं पुन्हा करावं लागलं, दीड तास गेला.

साहेबांनी वॉकीटॉकी माझ्या पायाशी आपटली. "ए मियाँ, तुझ्याच्यानं हे होणार नाही. जा, बकरे काप." पन्नास-साठ माणसं होती. काही हसली. बाकीची खाली बघत राहिली. मेकअप दादांनी उगाचच ब्रश पुसायला घेतला.

ओरडल्याशिवाय काम होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ही पट्टी दाखवतो. ती चूक माझ्या निष्काळजीपणानं राहिली नव्हती, ती भीतीनं राहिली होती. ज्या सेटवर चूक दाखवणाऱ्याला मार पडतो, तिथं माणसं चूक शोधणं सोडतात आणि स्वतःला वाचवायला लागतात.

पण गोष्ट इथं संपत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी स्पॉट दादा चहा घेऊन आले. त्यांचा हात हलला आणि थोडा चहा माझ्या शीटवर सांडला. मी त्यांच्यावर ओरडलो. शब्द साहेबांचे, चाल साहेबांची, हातवारेसुद्धा साहेबांचेच. फक्त शिवी तेवढी गिळली. ते माझ्या अब्बूंच्या वयाचे. काही बोलले नाहीत. खांद्यावरच्या फडक्यानं शीट टिपली, कप उचलला आणि गेले.

दीड वर्ष मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो. हाक मारायचो, "ए चहा!" त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं. 'मियाँ' म्हटलं की मला टोचायचं. पण माझ्या 'ए चहा'मध्ये काही टोचण्यासारखं आहे, हे मला सुचलंही नव्हतं.

अब्बू एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथंही फोरमन ओरडायचा. पण तिथं युनियनचा माणूस होता, पगाराची तारीख होती, नोकरीचा कागद होता. आमच्याकडे काय होतं? मालिकेच्या धंद्यात काम केलं की पैसे बहुधा 90 दिवसांनी मिळतात. म्हणजे तुमची तीन महिन्यांची कमाई कायम दुसऱ्याच्या खिशात. आज भांडून निघालात तर ती मागायला त्याच दारात जायचं. त्यात हा धंदा छोटा. 'तो प्रॉब्लेम करतो' एवढं एक वाक्य फिरलं की पुढचे फोन बंद. संघटना आहेत, फेडरेशन आहे. पण ज्याच्याकडे कार्डच नाही असा नवा पोरगा तिथं कुठल्या तोंडानं जाणार?

कायद्याचंही तसंच. सिने कामगारांशी लेखी करार केला पाहिजे, असा कायदा 1981 साली झाला. पण तो फीचर फिल्मपुरता होता. 2020 च्या नव्या कामगार संहितेत मालिकांवर काम करणारे 'दृकश्राव्य कामगार' म्हणून आले. 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळासाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. ते फार गरजेचं होतं. पण रोजचा अपमान, आईबहिणीवरून शिव्या, धर्मावरून टोमणे, यांसाठी आमच्या सेटवर कुणाचं दार ठोठवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

हे फक्त गोरेगावातच आहे असंही नाही. अमेरिकेत एलेन डीजेनेरेस यांचा टॉक शो होता. 'एकमेकांशी प्रेमानं वागा' हा त्यांचा रोजचा संदेश. 2020 च्या जुलैमध्ये बझफीड न्यूजनं तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी छापल्या. त्यांत वंशावरून टोमणे होते, धाकदपटशा होता, आजारपणात रजा घेतली म्हणून नोकरी गेल्याचं होतं. ऑगस्टमध्ये तीन बड्या निर्मात्यांना काढलं. सप्टेंबरमध्ये एलेन यांनी शोमध्येच माफी मागितली. 2022 मध्ये शो बंद झाला. पडद्यावर प्रेम आणि पडद्यामागं दहशत, दोन्ही एकाच छताखाली नांदत होतं.

आमची मालिकाही संस्कारांवरच होती. एकत्र कुटुंब, मोठ्यांचा मान, देवघरातला दिवा. 'कट' म्हटलं की त्याच दिवाणखान्यात शिव्या सुरू.

त्या वर्षी ईदला घरी गेलो तेव्हा अब्बूंना चहाचा किस्सा सांगितला. बकऱ्याचा सांगितला नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेरे साब का हिसाब उनो जानें. तू उस चायवाले से माफी मांग्या क्या?"

मागितली नव्हती. परत आल्यावर मागायला गेलो. पेटी कॅशच्या व्हाउचरवर सही घेताना त्यांचं नाव वाचलं होतं. नावामागे काका लावून हाक मारली. ते दचकलेच. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे रे. तू तर कमीच ओरडतोस." मला बरं वाटायला हवं होतं. पण 'कमीच' हा शब्द अजून आठवतो.

परवा मी त्या मुलाला परत फोन केला. म्हटलं, "त्या रात्री मी चुकीचं बोललो. सहन करायची गरज नाही. सोडायचं असेल तर सोड, त्यात हार नाही. राहायचं असेल तर तारीख, वेळ, कोण हजर होतं, सगळं लिहून ठेव. प्रॉडक्शनला लेखी कळव. संघटनेत कुणाशी बोलायचं ते मी विचारून देतो, तुझ्यासोबत येतो."

मग विचारलं, "तुझ्या सेटवर चहा कोण देतं?"

त्यानं नाव सांगितलं. गाव सांगितलं. मुलगी बारावीला आहे, हेही सांगितलं. फाईल फेकल्यावर सांडलेले कागद गोळा करायला तेच आले होते म्हणे.

"मग काय ठरवलंस?"

"चाचा, तीन महिन्यांचं पेमेंट अडकलंय. ते निघालं की बघतो."