अठरा नोंदी

आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३वा अध्याय वाचला. आपल्याकडे ख्रिस्ती लग्नात तो बहुतेक वाचतातच. माझं लक्ष कोटाच्या घट्ट कॉलरकडे होतं. त्या अध्यायाशी खरी गाठ पडली ती लग्नाच्या चौथ्या वर्षी.

मी सॉफ्टवेअरवाला. काही बंद पडलं की आम्ही आधी लॉग उघडतो : कधी, काय, कुणामुळे. ही सवय घरी आली. भांडणात मला मुद्दे आठवत नाहीत, म्हणून बायकोच्या चुका मोबाइलमध्ये तारीख घालून लिहायला लागलो. बेळगावहून मम्मीचा फोन आला, घेतला नाही. पाहुण्यांसमोर माझ्या पगाराचा विषय काढला. असलंच सगळं. एका रविवारी उपासनेहून आल्यावर किराणाची यादी शोधताना तिला ही यादी सापडली. ओरडली नाही. म्हणाली, ‘‘अठरा आहेत. तुझी यादी कुठल्या फाइलमध्ये आहे?’’ दोन दिवस ती मुलीच्या खोलीत झोपली.

त्या दोन दिवसांत तो अध्याय नीट वाचला. आधीचे अध्यायही वाचले आणि चकितच झालो. पौलाने हे नवरा-नवरीसाठी लिहिलेलंच नाही. करिंथची मंडळी भांडकुदळ होती : आम्ही पौलाचे, आम्ही अपुल्लोचे असे तट, एकमेकांवर कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाला एक जण उपाशी तर दुसरा प्यालेला. अशा लोकांना तो प्रीती शिकवतोय. म्हणजे पत्र आमच्याच पत्त्यावर आलं होतं!

पाळकसाहेबांनी आणखी एक सांगितलं. पाचव्या वचनात प्रीती वाईटाची नोंद ठेवत नाही अशा अर्थाचं जे आहे, तिथला ग्रीक शब्द हिशेबाच्या व्यवहारातला आहे : लोगिझोमाय, खात्यावर मांडणे. (आमच्या ‘लॉग’शी त्याचं नातं नाही, तरी मला लागायचं ते लागलंच.) दुसऱ्या पत्राच्या ५व्या अध्यायात पौल तोच शब्द देवाबद्दल वापरतो. देवाने माणसांचे अपराध त्यांच्या खात्यावर मांडले नाहीत. स्वतःचं खातं असं कोरं करून घेतलेला मी, बायकोचं मात्र तारखेनिशी लिहीत होतो.

मारहाण, व्यसन मुकाट सोसा, असा अर्थ यातून काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. चूक सांगायचीच, पण त्याच दिवशी. इफिसकरांस पत्रात राग सूर्यास्ताच्या पुढे नेऊ नका असं आहे. आमच्या कामाच्या वेळा अमेरिकेच्या घड्याळावर, त्यामुळे आमचा सूर्य रात्री साडेअकराला मावळतो, इतकंच. आणि त्याच पत्राच्या ५व्या अध्यायातलं २२वं वचन पुरुषांना तोंडपाठ असतं. त्याच्या आधीचं २१वं, दोघांनी एकमेकांच्या अधीन होण्याचं, मलाही तिनेच दाखवलं.

यादी मी तिच्यासमोर पुसली. ‘‘मोबाइलमधून गेली,’’ एवढंच ती म्हणाली.

परवा गॅसचं बुकिंग राहिलं. ‘‘मागच्या वेळीसुद्धा…’’ एवढं तोंडून गेलं आणि मी थांबलो. ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘एकोणिसावी?’’

मी माळ्यावरची इंडक्शन शेगडी काढायला गेलो.