अभिप्रायाची वही

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खानावळीत गल्ल्याशेजारी एक लांबट वही दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवलेली आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने 'आपला अभिप्राय' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. 'आमच्या' हा शब्द मी सवयीने लिहिला. खानावळ आमची नव्हे. तिथे माझी आई भाकरी करते आणि संध्याकाळी सात ते साडेदहा मी गल्ल्यावर बसून बिले लिहिते. वडील मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करतात. पण गुळाचा हंगाम सरला की त्यांच्या हाताला काम कमी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी बरीचशी भाकरीच्या पिठाची आहे. हे मी इतक्या मोकळेपणाने लिहीत आहे याचे माझे मलाच नवल वाटते. कारण गेल्या डिसेंबरपर्यंत वर्गातल्या एकाही मैत्रिणीला यातले काही ठाऊक नव्हते. 'संध्याकाळी कुठे असतेस गं?' असे कोणी विचारले, तर 'क्लासला' म्हणून मी मोकळी होत असे.

गल्ल्यावर बसल्याने एक झाले. कोल्हापुरात जेवायला येणारी माणसे जेवणाबद्दल काय काय बोलतात, याचा माझा अभ्यास परीक्षेच्या अभ्यासापेक्षा किती तरी पक्का झाला. माणूस ताटावर असताना फारसे बोलत नाही. हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून गल्ल्यापाशी आला की त्याला कंठ फुटतो. अंबाबाईचे दर्शन आणि पन्हाळा उरकून आलेली पुण्या-मुंबईची मंडळी तांबडा रस्सा नुसता पाहूनच कपाळाचा घाम पुसतात. वास्तविक त्या रंगात ब्याडगी मिरचीचा वाटा मोठा असतो, आणि ब्याडगी रंगाला जितकी उदार तितकी तिखटाला नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? तिखट खाऊन आल्याचा अभिमान त्यांना घरी न्यायचा असतो. त्याच पंगतीला बसलेले आमचे गाववाले मात्र 'रस्सा पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई, लईच सपक' म्हणून मान हलवतात. भांडे एक, पळी एक, वाढणारा एक! पांढऱ्या रश्श्याची आणखी निराळी गंमत. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, काजू घालून केलेला हा रस्सा एका पाहुण्याने भातावर घ्यायचे ताक समजून शेवटापर्यंत राखून ठेवला होता, आणि मग 'तुमचे ताक गरम कसे?' अशी तक्रार केली होती.

वाढण्याबद्दलही तेच. 'अर्धा तास कोणी फिरकत नाही' असे म्हणणारा आणि 'सारखे येऊन काय पाहिजे, काय पाहिजे विचारतात, जेवू देत नाहीत' असे म्हणणारा, दोघे मी एकाच रात्री, पाच मिनिटांच्या अंतराने ऐकले आहेत. वहीतही असेच. 'उत्तम.' 'ठीक.' 'पंखा लावा.' 'हात धुवायला साबण ठेवा.' एका गृहस्थांनी 'सेवा समाधानकारक' असे लिहून खाली अशी झोकदार सही ठोकली आहे की खानावळीला कर्ज मंजूर झाले की काय असे वाटावे! एका लहान मुलाने बोकड काढला आहे. बोकड हसतो आहे. सर्वांत कमी बोलणारे म्हणजे एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर. ते वहीकडे पाहतसुद्धा नाहीत. जेवतात, पैसे देतात, निघून जातात. आणि चार दिवसांनी ड्यूटी फिरून आली की पुन्हा त्याच बाकावर दिसतात.

एकदा पावसाच्या रात्री खानावळ ओस पडली होती. वेळ जाईना म्हणून मी ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली. रश्श्याचे नाव पानोपानी होते. मटण शिजले की नाही, भात मोकळा की चिकट, पंखा, साबण, मोरी, सगळे होते. भाकरीचे नाव मला सगळ्या वहीत चार ठिकाणी सापडले. गार होती, करपली होती, लहान होती, उशिरा आली. भाकरी चांगली होती असे लिहायला कोणाला सुचले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मीही घरी जेवताना आईला कधी तसे म्हटले नव्हते.

आई बसते ती जागा गल्ल्यावरून दिसत नाही. मध्ये भिंत आहे आणि भिंतीला एक खिडकी आहे. त्या खिडकीतून ताटे बाहेर येतात आणि 'मावशी, चार भाकरी!' अशा आरोळ्या आत जातात. दोन तवे, एक परात, पिठाचा डबा, पाण्याचे भांडे. साडेसहाला बसलेली आई दहा वाजेपर्यंत दीडशे-पावणेदोनशे भाकऱ्या थापते. पण त्या खाणाऱ्यातले एकही तोंड तिला दिसत नाही. म्हणून रात्री घरी चालत जाताना तिचा एक प्रश्न ठरलेला असतो : 'आज काय म्हनली गं मानसं?' मी रश्श्याच्या गमती सांगते. ती हसते. मग थोडे अंतर गेल्यावर विचारते, 'आनि भाकरीचं?' मी म्हणते, 'काही नाही.' यावर ती 'बरं' म्हणते. कोणी काही बोलले नाही म्हणजे भाकरी नीट झाली, असा तिचा हिशेब आहे.

मागे वर्गात सरांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांविषयी सांगितले होते. गिरणीत काम करायला आलेल्या एकट्या माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या बाया. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली, हा भाग परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून आम्ही वहीत उतरवून घेतला. माझ्या मनात मात्र दुसरेच घोळत राहिले. त्या बायांच्या समोरच माणूस जेवत असणार. आमटी खारट झाली तर तो तिच्या तोंडावर सांगणार, आणि तीही 'मागचं बिल कधी देनार?' असे त्याच्या तोंडावर विचारणार! मध्ये भिंत नाही, वही नाही. इतिहासाच्या तासाला शाहू महाराजांची आणि गंगाराम कांबळे यांची हकिकत ऐकली, तेव्हाही असेच झाले. ज्यांच्या हातचे पाणी लोक घेत नव्हते त्या गंगाराम कांबळ्यांनी महाराजांच्या आधारावर कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे थांबून सर्वांसमक्ष चहा प्याले. त्या चहात साखर कमी होती की जास्त, हे कोणी विचारीत नाही.

आता डिसेंबरातली गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आणि इतका वेळ टाळीत आले.

स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेची तालीम आटोपून आपल्या कॉलेजातली सात-आठ जणांची टोळी त्या रात्री खानावळीत आली. त्यांतले दोघे माझ्याच वर्गातले. मी ओढणी पुढे ओढली आणि बिलाच्या पुस्तकात डोके घातले. पण गल्ल्यावरचे माणूस किती वेळ लपणार? 'अगं, तू इथे?' मी चटकन म्हणाले, 'मालक आमचे नातेवाईक आहेत. जरा वेळ बसले आहे.' ते टेबलावर जाऊन बसले. भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज येत होता, तो माझ्याशिवाय कोणाला ऐकू येत नव्हता.

त्या दिवशी भाकरी मोडत होती. वाढणारे मामा खिडकीतून ओरडले, 'मावशी, तुकडं होत्यात भाकरीचं!' आमच्या टोळीतल्या एकाने हातात तुकडा धरून नाटकातल्या आवाजात विचारले, 'मित्रहो, ही भाकरी की खाकरा?' सगळे हसले. गल्ल्यावरून मीही हसले. अगदी मोठ्याने नाही, पण त्यांना दिसेल इतके हसले. जाताना त्याने वही मागितली. पेन सापडेना, तेव्हा मी माझे दिले. त्याने लिहिले : 'रस्सा एक नंबर! भाकरी करणारी बाई बदला.'

रात्री वाटेत आईचा प्रश्न आलाच. मी म्हणाले, 'आज एकाने वहीत लिहिलंय, भाकरी छान म्हणून.' आई रस्त्यातच उभी राहिली.

'भाकरी छान? आज एक बी भाकरी तव्यावरनं धड उतरली न्हाई. पिठाची विरी गेलीया. उकळतं पानी घालून मळलं तरी धरंना. आनि छान म्हनून कोन लिवंल?'

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : ज्वारीचे पीठ दळून फार दिवस झाले की त्याचा चिकटपणा जातो. याला विरी जाणे म्हणतात. मग थापताना कडा फाटतात, उचलताना भाकरी मोडते, पापुद्रा सुटत नाही, आणि निवली की वातड होते. आईने चार दिवसांपूर्वीच मालकांना पीठ बदला म्हणून सांगितले होते. पोते संपू दे, मग बघू, असे ते म्हणाले होते.

'काय लिवलंय ते नीट सांग,' आई म्हणाली. मी सांगितले. मी हसले होते, ते सांगितले नाही. ती काही बोलली नाही. घर येईपर्यंत चालत राहिली. चूल पेटवताना एवढेच म्हणाली, 'पोराचं बी खरंच हाय. त्येला काय ठावं पीठ कुनाचं?'

दुसऱ्या दिवशी मालकांनी वही वाचली. मालक तसे वाईट नाहीत. पण लिहिलेल्या अक्षराचा त्यांच्यावर फार परिणाम होतो. तोंडी शंभर तक्रारी ते हसून घालवतात. त्यांनी आईला दोन-तीन दिवस येऊ नको म्हणून सांगितले आणि दुसऱ्या एका बाईंना बोलावले. आईचा रोज बुडाला. माझा परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. माझे काम मात्र चालूच होते. आई घरी बसलेली आणि मी तिच्याच जागी आलेल्या बाईंच्या भाकऱ्यांची बिले लिहिते आहे, अशा दोन संध्याकाळी गेल्या. त्या बाईंच्याही भाकऱ्या मोडत होत्या. मामा तसेच ओरडत होते. 'मावशी' हा शब्दही तोच होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी वही ओढली आणि त्या अभिप्रायाखाली लिहिले : 'पीठ जुने आहे. भाकरी करणारी बाई माझी आई आहे.' खाली पूर्ण नाव लिहिले, वर्ग लिहिला, कॉलेजचे नावही लिहिले. हात थरथरत होता, त्यामुळे अक्षर वाईट आले आहे. मालकांनी वाचले. वर पाहून म्हणाले, 'ही वही गिऱ्हाइकासाठी हाय.' बस्स. वही मिटून त्यांनी खिळ्याला अडकवली. थोड्या वेळाने मात्र ते आत गेले. परातीतले पीठ चिमटीत धरून पाहताना मला खिडकीतून दिसले. तिसऱ्या दिवशी गिरणीतून ताजे पीठ आले आणि आईला निरोप आला. बुडालेल्या दोन दिवसांविषयी कोणी काही बोलले नाही. फॉर्मचे पैसे वडिलांनी यार्डातल्या टोळीकडून उसने आणले.

त्या मुलाचे नाव मी लिहीत नाही. तो हे वाचील. त्याच्यावर माझा राग नाही. माझे पेन अजून त्याच्याकडेच आहे, ते तेवढे परत करावे. आईला वाचता येत नाही, त्यामुळे हा अंक छापून आला की मलाच तिला वाचून दाखवावा लागेल. मी हसले होते ती ओळ तेव्हा गाळायची नाही, असे ठरवले आहे. बघू.

आमची खानावळ सोमवारी बंद असते. जानेवारीतल्या एका सोमवारी मी आईला गावातल्या एका शाकाहारी खानावळीत जेवायला घेऊन गेले. पैसे देऊन, बाकावर बसून, दुसऱ्या कोणी वाढलेले जेवण ती बहुधा पहिल्यांदाच जेवत असावी. आख्खा मसूर, भाकरी, कांदा, दही. तिने आधी भाकरी उजेडाकडे धरून पाहिली. मग पापुद्रा उचलला. मग वास घेतला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले, तशी मी खाली मान घालणार होते, पण घातली नाही.

'वही आणू का?' मी थट्टेने विचारले.

'वही कशाला?' असे म्हणून ती उठली आणि सरळ आत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी एकटीच जेवत बसले. वाढणारा मुलगा दोनदा येऊन विचारून गेला, त्या बाईंना काही कमी पडले का म्हणून. बऱ्याच वेळाने आई परत आली. मसूर पार निवला होता.

'गडहिंग्लजकडची हाय,' ती बसत म्हणाली. 'तिचं पीठ रोजच्या रोज दळून येतंय. आनि रोजाला पन्नास जास्त हाय आपल्यापरास.'